कमरेत अर्धा इंच

१७ जानेवारी, शनिवार. निळ्या ड्रेसचे पडलेले खडे चिकटवायचे आणि कमरेत अर्धा इंच आत घ्यायचं. माझ्या मापांच्या वहीत त्या दिवसाखाली एवढंच काम लिहिलेलं आहे. सकाळी आठला मी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली, ड्रेस उलटा करून पसरला आणि गोंदाची नळी उघडली. नवरा चहा घेऊन खाली आला, वास घेतला आणि म्हणाला, खिडकी उघड. बाहेर उणे तीन होतं. मी त्याला कपासकट वरच्या खोलीत पाठवलं.

ज्या मुलीचा तो ड्रेस होता, ती मंगळवारच्या विमानाने युरोपातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेला जाणार होती. फिगर स्केटिंग, महिला गट. नेदरलंड्सला त्या वर्षी एकच जागा होती आणि तीच तिथे उभी राहू शकत होती. ट्रायलला ती दुपारी अडीचला यायची होती.

मी शिंपीण नाही. अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे इतरांनी केलेल्या कामातल्या चुका शोधते. शिवण येतं, कारण बारावीनंतरच्या सुट्टीत आईने जबरदस्तीने क्लासला घातलं होतं. तेव्हा मी परकर आणि ब्लाउज शिकले. त्या ज्ञानावर पुढे या देशाच्या तीन खेळाडूंचे ड्रेस उभे राहतील असं कोणी सांगितलं असतं, तर मी क्लास तरी नीट केला असता.

यात मी पडले ती मुलीमुळे. ती सहा वर्षांची असताना नीउ-व्हेनेप या गावात आम्ही नवे होतो, आणि शेजारच्या गल्लीतली तिच्या वर्गातली एक मुलगी शनिवारी बर्फावर जायची म्हणून हिलाही जायचं होतं. या देशात बर्फ म्हटलं की लोक सरळ पळतात. मोठी लंबगोल धावपट्टी, घट्ट चकचकीत कपडे, टीव्हीवर तासन्‌तास तेच, आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना त्यातले सेकंद तोंडपाठ. गिरक्या घेणाऱ्या मुलींना मधली छोटी रिंक मिळते. तीही हॉकीवाल्यांनी खणून ठेवल्यावर, सकाळी सहाला. हा खेळ इथे कोणी बघत नाही. त्यामुळे त्यातल्या लोकांना एकमेकांशिवाय कोणी नसतं, आणि ज्या आईला सुई धरता येते तिला ते सोडत नाहीत.

माझी मुलगी चौदाव्या वर्षी एकदम उंच झाली आणि तिच्या उड्या गेल्या. तिने स्केट्स विकले आणि मोकळी झाली. आता ती युट्रेख्टला शिकते. मी मात्र राहिले. क्लबच्या लोकांना वाटायचं मी भली बाई आहे. खरं कारण असं की मला त्या निकालांच्या कागदांचा नाद लागला होता. स्पर्धा झाली की प्रत्येकीची प्रत्येक उडी, प्रत्येक गिरकी ओळीने छापलेली मिळते. कुठली उडी पाव फेरा कमी फिरली, कुठल्या परीक्षकाने काय दिलं, सगळं. कोणी नुसतं ‘छान झालं’ म्हणून सुटत नाही. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या बायका कपडे बघायच्या, मी उड्या बघायचे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर उतरतील अशा महिला देशात तेव्हा तीन होत्या. मी त्यांना मनात थोरली, मधली आणि धाकटी म्हणायचे, एका घरातल्या जावा असल्यासारख्या. थोरली सव्वीसची, फिजिओथेरपी शिकणारी, दोन्ही घोट्यांची ऑपरेशनं झालेली. मधली वीसची. शेजारच्या गल्लीतली ती मुलगी हीच. धाकटी सतराची, मधलीच्या मागे मागे असायची. तिची वेणीसुद्धा मधलीसारखी. तिघी मला ‘तांते’ म्हणत, म्हणजे मावशी. मैत्रिणी मला नुसत्या नावाने हाक मारतात हे माझ्या मुलीला सहाव्या वर्षी चाललं नव्हतं. तिने तेव्हा फर्मान काढलं होतं, ते तसंच राहिलं.

त्या हिवाळ्यात मी दोन स्पर्धांना रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. क्लबने माझ्या गळ्यात मदतनीस असा बिल्ला घातला होता. माझ्याकडे सुया, गोंद, जादा हुक, ड्रेसच्याच रंगाचा दोरा आणि एक कात्री, जी विमानतळावर दर वेळी उघडून दाखवावी लागे.

पहिली स्पर्धा ऑक्टोबरात हंगेरीतल्या एका गावात होती. मोठ्या स्पर्धेला जायचं तर आधी लहान स्पर्धांत तांत्रिक गुणांची एक ठरावीक रेषा ओलांडावी लागते. तिथे तिघींपैकी कोणीच ती ओलांडली नाही. मधलीला थोडक्यात हुकली. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आम्ही चौघी एका टेबलावर होतो. मधलीने उकडलेलं अंडं कापलं, पांढरं खाल्लं आणि पिवळं पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळलं.

“पिवळं कुठे चाललं?” थोरलीने विचारलं.

“मांजराला.”

“हॉटेलात मांजर आहे?”

“असेल की. हंगेरी आहे.”

धाकटी खूप हसली. मग तिनेही आपल्या अंड्यातलं पिवळं बाजूला काढलं. थोरली माझ्याकडे बघत होती. मी टोस्टला लोणी लावत होते.

इथे मला एक सांगायला हवं. आपल्याकडे कोणी दाराशी आलं की त्याने चपला काढायच्या आत आपण ‘किती वाळलीस गं’ म्हणतो. ज्याचं वजन वाढलंय त्यालाही म्हणतो. त्याचा अर्थ आत ये, बस, जेवून जा, इतकाच. मी ब्याऐंशी किलोची असताना माझ्या आत्याने मला हे म्हटलेलं आहे, आणि त्या वेळी ती खोटं बोलते आहे असं आम्हा दोघींनाही वाटलं नव्हतं. हे वाक्य मी कधीच डचमध्ये करून टाकलं होतं. मुली लहान होत्या तेव्हापासून कोणी मापाला आली की माझं पहिलं वाक्य ठरलेलं: बारीक झालीस गं. मग पोहे. क्लबच्या कपडे बदलायच्या खोलीत नियमांची पाटी लावलेली आहे, आणि त्यात कोणीही कोणाच्या शरीराबद्दल बोलायचं नाही असं स्पष्ट लिहिलंय. मी ती पाटी शेकडो वेळा वाचली असेल. मला वाटायचं, ते प्रशिक्षकांसाठी आहे.

हंगेरीत कमरेला टाचण्या लावताना मी मधलीला हेच म्हटलं. ती म्हणाली, “थँक्स, तांते.” मी पाव इंच आत घेतलं.

दुसरी स्पर्धा नोव्हेंबरच्या अखेरीस, बाल्टिक समुद्राकाठच्या एका राजधानीत. दुपारी तीनलाच अंधार व्हायचा. हॉलपासून हॉटेलपर्यंतच्या रस्त्यावर बर्फ गोठून काच झाली होती, आणि मधली त्या रस्त्यावरून माझा हात धरून चालायची. मी तिला चिडवलं, म्हटलं, बर्फावर उड्या मारणारी तू आणि रस्त्यावर मला धरतेस. तिने हात सोडला नाही.

सरावाच्या वेळी मी कठड्याशी उभी राहून वहीत टिपणं करायचे. बाकीच्या देशांच्या मुली उड्या मारत होत्या, पडत होत्या, उठत होत्या. मधली तिच्या कार्यक्रमाचा मार्ग नुसता फिरून दाखवत होती. उडीच्या जागी आली की हात मिटायची, अर्धा फेरा घ्यायची आणि पुढे जायची. तिच्या कोचबाईंना विचारलं तर म्हणाल्या, ताकद राखून ठेवतेय. माझ्या धंद्यात असं म्हणणारे बरेच भेटतात. प्रोग्रॅमचा जो भाग ग्राहकाला दाखवायच्या दिवसापर्यंत कोणी चालवूनच बघत नाही, त्यात काय दडलंय ते त्याच्या मालकाला पक्कं ठाऊक असतं. हे मी वहीत लिहिलं नाही, पण मनात आलं होतं.

पहिल्या दिवशी तिने सगळ्या उड्या मारल्या. एकही सोडली नाही. त्यांच्या सगळ्या उड्या एकाच पायावर उतरतात, मधलीच्या उजव्या. हॉल अर्धा रिकामा होता. रिकाम्या हॉलमध्ये प्रत्येक उतरण्याचा आवाज कोरडा आणि ठळक येतो, कोणी पाट आपटल्यासारखा. गुण लागले. रेषेच्या थोडे वर. धाकटी माझ्या गळ्यात पडली. मधली बर्फाच्या दाराशी आली, प्लास्टिकची पट्टी पात्यांवर चढवायला बाकावर बसली, आणि पट्टी चढवून झाल्यावरही वाकूनच राहिली. तिचा तळवा नडगीवर दाबलेला होता. कोचबाई कॅमेऱ्याकडे बघून हसत होत्या. मधलीने मान वर केली तेव्हा तीही हसत होती.

दुसऱ्या दिवशी ती दोनदा पडली. त्याने काही बिघडणार नव्हतं, हवे ते गुण मिळून गेले होते. थोरली आणि धाकटी रेषेच्या खूप खाली राहिल्या. म्हणजे जागा एक, आणि त्या जागेवर बसू शकणारीही एकच. ती गेली नाही तर देशाचं नावच यादीत येणार नव्हतं.

परतीच्या विमानात थोरली माझ्या शेजारी होती. ढगांच्या वर आल्यावर ती म्हणाली, “तांते, तिच्या हातावर लव बघितलीस? पिलासारखी?”

“थंडीने असेल.”

“हं,” थोरली म्हणाली आणि तिने डोळे मिटले. नव्या वर्षात तिने खेळ सोडल्याचा मेसेज पाठवला. कारण लिहिलं नव्हतं.

डिसेंबरात मला माझ्या हाउसआर्ट्सने, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरने, हाडांच्या तपासणीला पाठवलं. मी एक्कावन्नची. उन्हाळ्यापासून पाळी थांबली होती. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं, पाळी थांबली की हाडं आतून विरळ व्हायला लागतात. दिसत नाही, सुरुवातीला दुखतही नाही. मग एक दिवस साध्या कारणाने चीर जाते. माझा निकाल काठावर आला. चालत जा, दूध-दही खा, व्हिटॅमिन घ्या. मी औषधाचा डबा स्वयंपाकघरात ठेवला आणि कामाला लागले.

तर १७ जानेवारी. अडीचला मधली आली, बरोबर धाकटीही. दोघींच्या हातात मोठ्या बॅगा, सरावावरून थेट. मी पोहे करून ठेवले होते. धाकटी सात वर्षांची असताना माझ्याकडे तीन बशा पोहे खायची आणि चौथीत शेंगदाणे वेचायची. त्या दिवशी ती बशीकडे न बघता म्हणाली, “नको तांते, मी खाऊन आलेय.”

“काय खाल्लंस?”

“खाल्लं ना.”

मधली म्हणाली, “मीपण.”

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मी बशा परत नेल्या.

ड्रेस घालून मधली हॉलमध्ये आली. झालरीचा घेर बघायला मी मापाच्या मुलीला नेहमी एका बुटक्या स्टुलावर उभी करते. ती आधी डावा पाय वर ठेवून, भिंत धरून चढली. पूर्वी ती त्या स्टुलावर दोन्ही पायांनी उडी मारून चढायची आणि मी ओरडायचे. मी टेप कमरेभोवती घेतला. मी नुकतेच गार पाण्याने हात धुतले होते, आणि माझी बोटं गार आहेत म्हणून तिला आधीच सांगितलं. पण माझ्या बोटांना तीच गार लागली. तेवीस इंच. मी वही उघडली, आकडा लिहिला आणि तिच्या पानावर वरून खाली बघितलं. सप्टेंबर सव्वीस. ऑक्टोबर पावणेसव्वीस. नोव्हेंबर साडेचोवीस. डिसेंबर पावणेचोवीस. तेवीस. प्रत्येक आकड्यापुढे किती आत घेतलं ते माझ्याच अक्षरात, नीट, तारखेसकट. एकाही आकड्यापुढे मी प्रश्नचिन्ह टाकलं नव्हतं. ऑफिसात मला असा रकाना दिसला असता तर मी सगळ्यांचं काम थांबवलं असतं.

ती स्टुलावर उभीच होती. वाट बघत असल्यासारखी.

“काय गं?” मी म्हटलं.

“आज तू म्हणाली नाहीस.”

“काय म्हणाले नाही?”

“बारीक झालीस म्हणून.”

धाकटी सोफ्यावरून म्हणाली, “ती रिंकवर येऊन सांगते आम्हाला. तांते आज पण म्हणाली.”

“क्लबात कोणी बोलतच नाही,” मधली म्हणाली. “सगळे घाबरतात त्या पाटीला. खरं सांगणारी तू एकटीच आहेस.”

मी टेप गुंडाळला. पुन्हा उलगडून गुंडाळला. मग विचारलं, “तुझी पाळी कधी आली होती?”

“ती? जुलैत बहुतेक. फार सोयीचं आहे. स्पर्धेत एक कटकट कमी.”

“आणि पाय?”

“कुठला पाय?”

“उजवा. नडगी.”

ती धाकटीकडे बघून माझ्याकडे वळली. “सगळ्यांचं काहीतरी दुखत असतं, तांते. अकरा दिवसांचा प्रश्न आहे. मग मी महिनाभर झोपणार आहे. प्रॉमिस.” मग ती स्टुलावर आधी बसली, बसून दोन्ही पाय जमिनीवर टेकवले आणि मग उठली. वीस वर्षांची मुलगी. माझी सासू पलंगावरून अशी उठायची.

तेवढ्यात धाकटी स्वतःच्या बॅगेतून तिचा लाल ड्रेस काढून माझ्यासमोर धरून उभी राहिली. “माझाही घे ना कमरेत. सैल व्हायला लागलाय.” तिच्या आवाजात कौतुक होतं, स्वतःचंच. “अर्धा इंच तरी.”

“ठेव तिथे,” मी म्हटलं.

“आणि माझा?” मधलीने विचारलं.

“शिलाईत आता आत घ्यायला जागा नाही. बघते काय करता येतं.” ते खोटं होतं. जागा होती.

त्या गेल्यावर मी खिडकीतून बघितलं. धाकटी मधलीची बॅगही स्वतःच्या सायकलच्या मागे बांधत होती. मधली सायकलवर डाव्या बाजूने चढली आणि दोघी गल्लीच्या टोकाला वळल्या.

पहिला फोन मी कोचबाईंना केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही. मग म्हणाल्या, “ती वीस वर्षांची आहे. ती मला म्हणते दुखत नाही. मी तिच्या शरीराबद्दल काही विचारलं तर उद्या तक्रार माझ्यावर येते. ती पाटी मी नाही लावली.”

“तुम्हाला काय दिसतं ते विचारतेय मी.”

“मला मंगळवारचं विमान दिसतं,” त्या म्हणाल्या. “आल्यावर सगळ्या तपासण्या करू. हे तिच्या आयुष्यात एकदाच होतं. तुम्हाला हे काढून घ्यायचंय का तिच्याकडून?”

तो प्रश्न खोटा नव्हता. तेरा वर्षं सकाळी सहाची रिंक. मी त्या मुलीला अंधारात सायकल चालवत जाताना बघितलेलं आहे, माझ्या मुलीने सोडल्यानंतरही.

दुसरा फोन मुलीला, युट्रेख्टला. मी मराठीत बोलते, ती अर्धं इंग्रजीत उत्तर देते. “ओ गॉड, आई. तू तिला ते अजून म्हणतेस?”

“आपल्याकडे म्हणतात.”

“आय नो म्हणतात. मला माहितेय त्याचा अर्थ. तिला कसा माहीत असणार?” मग म्हणाली, “तिच्या आईला ईमेल कर. किंवा मेसेज करून विचार, कधी भेटू शकतो. असं डायरेक्ट जाऊ नकोस हं. इथे अपॉइंटमेंटशिवाय आजीकडे पण जात नाहीत.”

“आज शनिवार. ती बुधवारची वेळ देईल. विमान मंगळवारी आहे.”

“तिने तुझ्याशी बोलणं सोडलं तर?”

“सोडू दे.”

नवरा जिन्यात बसून हे ऐकत होता. तो म्हणाला, “तिच्या आईला दिसत नसेल का? एका घरात राहतात.” मी त्याला आठवण करून दिली की आपल्या मुलीने स्केटिंग सोडल्यावर तीन आठवडे ती बॅग घेऊन लायब्ररीत जाऊन बसायची, आणि आपण दोघं तिला संध्याकाळी विचारायचो, आज बर्फ कसा होता. मी निळा ड्रेस घडी करून कपाटात ठेवला आणि लाल ड्रेस त्याच्याखाली. पोहे आम्ही दोघांनी खाल्ले.

रविवारी सकाळी सव्वासातला मी शेजारच्या गल्लीत गेले. अजून अंधार होता. रस्त्यावर मीठ टाकलेलं होतं, तरी पाय जपून ठेवावे लागत होते. त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा होता. मी बेल वाजवली. मधलीच्या आईने दार उघडलं, अंगात गाऊन, हातात कॉफीचा कप. तेरा वर्षांची ओळख, पण तिने आधी माझ्या मागे बघितलं, काही अपघात झालाय का म्हणून.

“आपलं काही ठरलं होतं का?” तिने विचारलं.

“नाही. मला आत यायचंय.”

ती बाजूला झाली. मी कोट न काढताच ओट्याशी उभी राहिले आणि वहीतलं पान तिच्यासमोर ठेवलं. तारखा, आकडे. जुलैपासून पाळी नाही. उजवी नडगी दुखते, ती नाही म्हणते. माझ्या स्वतःच्या हाडांबद्दल डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं तेही सांगितलं. मग म्हटलं, “आणि दर वेळी मी तिला बारीक झालीस म्हणत आले. आमच्याकडे ते सहज म्हणतात. ते मी म्हणायला नको होतं.”

“हो, ती सांगायची,” तिची आई म्हणाली. “घरी येऊन सांगायची. त्या दिवशी खुशीत असायची.” तिने पान दोनदा वाचलं. “परवा विमान आहे.”

“म्हणून आज आले.”

“तुला कळतंय ना, तू काय म्हणतेयस? ती मला कधीच…” ती बोलायची थांबली, कारण वर दार वाजलं आणि मधली जिना उतरायला लागली. इथले जिने उभे, अरुंद असतात, आवाज सगळ्या घरात जातो. आम्ही दोघींनी तो ऐकला. एक पाय खाली, मग त्याच पायरीवर दुसरा. मग थांबणं. मग पुढची पायरी. तिच्या आईने कप ओट्यावर ठेवला. तिच्या तोंडाकडे बघून मला समजलं, हा आवाज ती काही आज पहिल्यांदा ऐकत नव्हती.

मधली दारात आली. सरावाचे कपडे, खांद्याला बॅग. तिने मला बघितलं, मग वही.

“तू सांगितलंस,” ती म्हणाली.

“हो.”

“ड्रेस झालाय का?”

“नाही. मी करणार नाही.”

ती माझ्याशी एवढंच बोलली. मग आईकडे वळून भराभर बोलायला लागली, मला कळणार नाही इतक्या भराभर, आणि बोलता बोलता तिने दाराच्या चौकटीला धरून सगळा भार डाव्या पायावर घेतला. तिच्या आईने ते बघितलं. ती शांतपणे म्हणाली, “बॅग खाली ठेव.” मुलीने ठेवली नाही. तिने पुन्हा तेच म्हटलं.

रविवारी हाउसआर्ट्स नसतात, सुट्टीच्या दिवशी एका वेगळ्याच नंबरवर फोन करावा लागतो. तिच्या आईला तो आठवेना, चष्मा वर राहिला होता. मी माझ्या फोनवरून लावला, स्पीकर चालू केला आणि टेबलावर ठेवला. पलीकडून टेप लागली, आपल्या पुढे नऊ जण आहेत. मी कोट काढला, खुर्ची ओढली आणि बसले.